स्लाइमच्या डबीऐवजी वाटीभर कॉर्नफ्लोअर

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक परीक्षा संपत आल्या की सुट्टीतील बालशिबिरांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून आणि सोसायट्यांच्या फलकांवर झळकू लागतात. गेली काही वर्षे त्यांत 'हसतखेळत विज्ञान' या मथळ्याखाली स्लाइम, म्हणजे ताणला जाणारा चिकट, लिबलिबीत गोळा, तयार करण्याचा कार्यक्रम हमखास असतो. मुलांनी हात बरबटून काही करावे याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि प्रयोगशाळेचे कुलूप उघडण्यापेक्षा ते तसेच राहू देण्याकडे शाळांचा कल कसा असतो, हे मी जवळून पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, स्लाइमपेक्षा कितीतरी चमत्कारिक वागणारा आणि मुलांना खरोखर विचारात पाडणारा पदार्थ किराणा दुकानात मिळणाऱ्या साध्या कॉर्नफ्लोअरमध्ये पाणी कालवून दहा मिनिटांत तयार होतो, आणि शिबिरांतून, शाळांतून व अंगणवाड्यांतून स्लाइमच्या जागी तोच मुलांच्या हाती दिला जावा. इंग्रजीत त्याला 'ऊब्लेक' असे म्हणतात.

त्याची कृती अगदी सोपी असली तरी ती फसते कशी, हे आधी सांगायला हवे. अनेक पालक दुकानात 'मक्याचे पीठ' मागतात आणि भाकरीसाठी दळलेले पिवळे, रवाळ पीठ घरी आणतात. त्या पिठात मक्याच्या दाण्याचा कोंडा, प्रथिने, तेल असे सगळेच असते आणि त्यापासून केवळ ओला गोळा तयार होतो. आपल्याला हवे ते मक्याचे शुद्ध पिठूळ सत्त्व (स्टार्च), म्हणजे पांढरेशुभ्र, तलम आणि चिमटीत दाबले असता करकरणारे कॉर्नफ्लोअर. मुदत उलटून गेलेला कस्टर्ड पावडरचा डबा घरात पडून असेल तर तोही चालतो, कारण ती पावडर म्हणजे मुख्यतः रंग आणि वास घातलेले कॉर्नफ्लोअरच असते. पसरट भांड्यात दोन वाट्या कॉर्नफ्लोअर घ्यावे आणि एक वाटी पाणी थोडे थोडे घालत बोटांनी कालवावे. शेवटचे दोन-तीन चमचे पाणी मापाने नव्हे, अंदाजाने घालायचे असते. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर मिश्रण उडत नाही आणि बोट नुसते टेकवून ठेवले तर ते हळूहळू आत जाते, अशी स्थिती आली की थांबावे. भेगा पडून तशाच राहिल्या तर चमचाभर पाणी, आणि भांडे हलवल्यावर लाटा उठू लागल्या तर चमचाभर कॉर्नफ्लोअर, एवढाच काय तो दुरुस्तीचा मंत्र. खाली जुनी वर्तमानपत्रे पसरावीत. आपल्या दैनिकाच्या अंकांचा असा उपयोग झाल्यास आपण राग मानणार नाही, अशी आशा आहे.

आता हे मिश्रण वागते कसे ते पाहा. मूठभर घेऊन दोन्ही तळव्यांत भराभर वळले तर त्याचा घट्ट, जवळजवळ कोरडा वाटणारा गोळा होतो, पण वळणे थांबवले की तोच गोळा दुधासारखा बोटांतून ओघळू लागतो. त्यावर बुक्की मारली तर ती वरच अडते, आणि तीच मूठ सावकाश टेकवली तर मनगटापर्यंत आत जाते. आत गेलेली मूठ हिसका देऊन बाहेर काढू पाहिली तर अख्खे भांडे हाताबरोबर उचलले जाते. हळूहळू ओढली तर ती विनासायास सुटते. या सगळ्यात एक बारीक गोष्ट आहे, जी मोठ्यांच्या नजरेतून हटकून निसटते आणि मुलांना मात्र दिसते. मिश्रणावर बोट जोराने दाबले की त्या जागेची ओली तकाकी क्षणात नाहीशी होते आणि पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज दिसतो. बोट काढल्यावर तकाकी परत येते. पाणी तर कुठे गेलेले नसते, मग ती जागा कोरडी का दिसली, हा प्रश्न एखाद्या चौथीतल्या मुलाने विचारला तर त्याने १८८५ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाला पडलेलाच प्रश्न विचारला, असे खुशाल समजावे. समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पाऊल टाकताच पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, हे गुहागरला किंवा दिवेआगरला गेलेल्या कोणीही पाहिलेले असते. रेनॉल्ड्सने त्याचे कारण असे दाखवले की, एकमेकांत घट्ट बसलेल्या कणांना सरकायचे झाले तर त्यांना आधी एकमेकांपासून थोडे दूर व्हावे लागते, त्यामुळे कणांमधल्या फटी वाढतात आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या फटींत शोषले जाते.

हा पदार्थ आपल्याकडे परका आहे, असेही नाही. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, पिळून आणि गाळून जो चीक रात्रभर निवळत ठेवला जातो, त्याच्यावरचे पाणी सकाळी ओतून दिले की तळाशी बसलेला पांढरा थर हा याच जातीचा असतो. त्यात घाईने डाव खुपसला तर तो अडून बसतो, आणि हलक्या हाताने कडेकडेने सोडवत गेले तर तोच थर सैल होऊन वाहू लागतो, हे कुरडया करणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असते. तिने त्याला विज्ञान म्हटले नाही, इतकेच. बटाट्याचा कीस किंवा वेफर्स करताना ज्या पाण्यात काप धुतले जातात, ते पाणी अर्धा तास स्थिर ठेवून वरचे हलकेच ओतून दिले, तर तळाशी राहणारा पांढरा साका बोटाने दाबून पाहावा. तो टणक लागतो आणि भांडे तिरके केले की सरकू लागतो. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही, कारण एरवी तो साका मोरीतच जाणार असतो. कणकेचे किंवा मैद्याचे असे होत नाही, कारण त्यांतल्या चिकट प्रथिनांची जाळी पिठाच्या कणांना मोकळे राहू देत नाही. गव्हाचा चीक काढताना ही प्रथिने चोथ्याबरोबर बऱ्याच अंशी बाजूला जातात. आजीच्या हातचा चीक आणि नातवाच्या भांड्यातले कॉर्नफ्लोअर शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर सारख्याच बुक्क्या मारून पाहणे, हा सुट्टीतल्या एका दुपारचा उत्तम कार्यक्रम होऊ शकेल.

असे का घडते, हे मुलांना सांगताना मात्र मोठी माणसे गडबडतात. बहुतेक ठिकाणी 'हा घनही आहे आणि द्रवही आहे, आहे की नाही गंमत' असे म्हणून विषय संपवला जातो, किंवा 'अ-न्यूटनीय द्रव' असे भारदस्त नाव फळ्यावर लिहून टाळ्या घेतल्या जातात. पहिले विधान दिशाभूल करणारे आहे आणि दुसऱ्याने काहीच उलगडत नाही. स्थायू, द्रव आणि वायू या तीन अवस्था वर्गात नुकत्याच शिकलेल्या मुलाला 'हा दोन्ही आहे' असे सांगितले तर त्याचा शिकलेल्यावरचाच विश्वास डळमळतो. हे मिश्रण म्हणजे निलंबन आहे: पाण्यात न विरघळता पसरलेले पिठूळ सत्त्वाचे अतिसूक्ष्म घन कण. मक्याच्या या कणांचा आकार साधारण ५ ते २० मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही तो सहसा मोठा नसतो. हे कण पाण्यात इतक्या दाटीने भरलेले असतात की त्यांच्यामध्ये पाण्याचा जेमतेम एक पातळ थर उरतो. हळू ढकलले तर कणांमधले पाणी वंगणाचे काम करते आणि ते एकमेकांच्या बाजूने सरकतात. वेगाने ढकलले तर पाण्याला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, कण थेट एकमेकांना भिडतात, त्यांच्यात घर्षण निर्माण होते आणि सगळी रांगच अडकते. एस.टी.च्या दारातून प्रवासी एकेक करून उतरले तर गाडी मिनिटभरात रिकामी होते आणि सगळ्यांनी एकदम रेटा दिला तर कोणालाच हलता येत नाही, तसे काहीसे इथे होते.

हे सगळे शास्त्रज्ञांना फार पूर्वीच उमगले होते, असे कोणी समजू नये. पाण्यासारख्या साध्या द्रवाचा प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध वेगाच्या प्रमाणातच वाढतो, म्हणजे तो द्रव किती वेगाने ढवळला यावर त्याचा दाटपणा अवलंबून नसतो, हे गृहीत न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. पाणी, गोडे तेल किंवा मध त्याला धरून वागतात. टोमॅटो सॉस हलवल्यावर पातळ होतो आणि कॉर्नफ्लोअरचे मिश्रण घट्ट होते, म्हणून हे दोन्ही त्या नियमाच्या बाहेरचे. पण ते एकमेकांच्या उलट दिशांना बाहेरचे आहेत, हे मुलांनी स्वतः करून पाहिल्याशिवाय लक्षात राहत नाही. जोरदार आघात झाल्यावर त्याखालचे कण दाटून एक घट्ट भाग तयार होतो, तो खाली खाली वाढत जातो आणि त्यामुळेच अशा मिश्रणाच्या हौदावरून माणूस धावू शकतो पण त्यावर उभा राहू शकत नाही, हे शिकागो विद्यापीठातील वैतुकायटिस आणि येगर या दोन संशोधकांनी 'नेचर' या विज्ञाननियतकालिकात दाखवले ते २०१२ साली. त्याआधी २००४ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी कंप पावणाऱ्या कॉर्नफ्लोअरच्या थराला पाडलेली भोके बुजत नाहीत, तशीच टिकून राहतात, असे नोंदवले होते. डेलावेर विद्यापीठात याच तत्त्वावर वागणारे सिलिकाच्या कणांचे द्रव केव्लार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याच्या कापडात मुरवून ते कापड भोसकण्याला अधिक विरोध करते का, यावर काम झाले. वाटीतल्या मिश्रणाशी खेळणारे मूल ज्या प्रश्नापाशी थांबते तिथे मोठमोठ्या प्रयोगशाळाही अजून काम करत आहेत, याहून विज्ञानाकडे नेणारे दुसरे काय असू शकते?

म्हणूनच माझा आग्रह असा आहे की, शिक्षकाने टेबलावर एकदा करून दाखवण्याचा हा प्रयोग नव्हे. चार मुलांमागे एक भांडे द्यावे आणि उत्तर सांगण्याऐवजी कामे सांगावीत. गोटी वरून अलगद सोडली तर तळाला जायला किती वेळ लागतो? आणखी दोन चमचे पाणी घातल्यावर किती लागतो? पाण्याऐवजी तेलात कालवले तर बुक्की अडते का? मिश्रण फ्रिजमध्ये गार केले तर काय फरक पडतो? मिश्रण गरम करून पाहण्याचा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, कारण साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास हे कण पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, मिश्रणाची खळ होते आणि त्याचे आधीचे वागणे कायमचे संपते. कुरडईचा चीक शिजवताना तेच होते. याउलट न शिजवलेले मिश्रण ताटात पसरून उन्हात वाळवले तर पुन्हा कोरडे कॉर्नफ्लोअर मिळते आणि त्यात पाणी घातले की खेळ पुन्हा सुरू करता येतो. परिवर्तनीय बदल आणि अपरिवर्तनीय बदल यांवरचा धडा इतक्या स्वस्तात शिकवण्याची सोय दुसरीकडे कुठे आहे, हे मला तरी ठाऊक नाही.

स्लाइमबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९७६ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने हिरव्या डबीतून विकलेला पहिला स्लाइम गवारीच्या बियांपासून मिळणारा गवार गम आणि बोरॅक्स यांचा होता. आज शिबिरांतून करतात तो बहुधा पांढरा गोंद आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, यांपासून होतो. त्यातले विज्ञान खोटे नाही. गोंदाच्या लांबच लांब रेणूसाखळ्या बोरेटच्या आयनांनी एकमेकींना जोडल्या जातात, हे शिकण्यासारखेच आहे. पण ते आठवी-नववीतल्या मुलांनी, मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकावे. टाकणखार त्वचेला व डोळ्यांना त्रास देऊ शकतो आणि पोटात गेल्यास घातक ठरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचा हात तोंडात जाणार नाही, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. युरोपीय संघाने द्रव किंवा चिकट खेळण्यांतून बाहेर येणाऱ्या बोरॉनवर, म्हणजे टाकणखारातल्या मूलद्रव्यावर, किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. परंतु शिबिरात बादलीत कालवून डबीत भरून दिलेल्या स्लाइमवर असे चिन्ह असण्याचा प्रश्नच येत नाही, आणि त्यात काय किती घातले हे विचारण्याची पालकांना सवय नाही. चमकी आणि कृत्रिम सुगंध हे आणखी निराळे.

खाण्याच्या वस्तूशी खेळू नये, असा आक्षेप मला शिक्षकखोलीतही ऐकावा लागला आहे. तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात धान्य मोजून येते तिथे तो विचार योग्यच आहे. पण बटाटे धुतलेल्या पाण्यातला साका, मुदत संपलेला डबा आणि पुन्हा वाळवून वापरता येणारे कॉर्नफ्लोअर एवढ्यावर सबंध वर्गाचे काम भागत असेल, तर त्यात अन्न फारसे वाया जात नाही आणि पैसे तर स्लाइमच्या डबीइतकेही खचितच लागत नाहीत. शिवाय या महाराष्ट्रात तरी साधनांवाचून शिक्षण अडत नाही, हे सिद्ध करून दाखवणाऱ्यांची परंपरा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. महागड्या आयात साधनांऐवजी परिसरातले दगड, बिया, शिंपले त्यांनी मुलांच्या हाती दिले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ बाटल्यांतून विज्ञान उभे केले. याच परंपरेत तळाशी बसलेल्या चिकाचीही जागा आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टीही लिहून ठेवते. रंग घालायची गरज नाही. हळदीचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. फरशीवर सांडलेले ओले मिश्रण निसरडे असते, तेव्हा आधी ते पुसावे. हात लगेच धुण्याऐवजी वाळू द्यावेत आणि झटकावेत. हे मिश्रण बेसिनमध्ये किंवा मोरीत कधीही ओतू नये, कारण ते सांडपाण्याच्या नळीच्या वळणात तळाशी बसते आणि नळी तुंबते. वाळवून साठवावे, किंवा खराब झाले असल्यास ओल्या कचऱ्यात टाकावे. ओले मिश्रण आपल्या हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, पावसाळ्यात त्याहूनही लवकर, म्हणून ते डब्यात भरून मुलाच्या दप्तरात देऊ नये.

आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीला माझी विनंती आहे की, एप्रिलच्या एखाद्या अंकात ही कृती चित्रांसह छापावी आणि मुलांकडून केवळ छायाचित्रे न मागवता गोटी तळाला जायला लागलेला वेळ, घातलेले पाणी आणि वापरलेले पीठ यांचे तक्ते मागवावेत. कुरडईचा चीक, बटाट्याचा साका आणि कॉर्नफ्लोअर यांपैकी कशावर गोटी सर्वांत जास्त वेळ थांबते, याच्या कोल्हापूर, नांदेड आणि चंद्रपूरहून आलेल्या नोंदी एकाच पानावर पाहायला मिळाल्या, तर त्या मीही आवडीने वाचीन. शिबिरचालकांनी स्लाइमचा कार्यक्रम ठेवायचाच ठरवला, तर त्यात घातलेल्या प्रत्येक घटकाचे नाव व प्रमाण जाहिरातीतच छापावे, आणि अशा जाहिराती स्वीकारताना आपणही ती अट घालावी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा